हात हातात असताना : शीडनौकेवरून पडलेल्या माणसाला परत घेण्याची विद्या



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी या शाळेत शिकलो. पुढे आयुष्यभर मराठीचे अध्यापन केले. अशा माणसाने संतवाङ्मयावर अथवा नाट्यपदांवर बोलावे, ही आपली अपेक्षा स्वाभाविक आहे. तथापि मी विषय निवडला आहे तो शीडनौकेवरून समुद्रात पडलेल्या माणसाला परत नौकेवर कसे घेतात हा. भवसागर तरून जाण्याच्या रूपकांनी आपले वाङ्मय ओसंडून वाहते. पण खऱ्या सागरात पडलेल्या खऱ्या माणसाचे काय करायचे, याविषयी आपल्या ग्रंथांत मला फारसे काही सापडले नाही. हा शोध मी का घेतला, ते आधी सांगतो. त्याचे कारण घरगुती आहे.

माझे धाकटे मामा गलबतावर खलाशी होते. १९६३ सालच्या नोव्हेंबरात त्यांचे गलबत कौले आणण्यासाठी मंगळूरकडे निघाले होते. जाताना ते रिकामे होते. तिसऱ्या प्रहरी वायव्येचा वारा पाठीशी घेऊन खोलगडच्या भूशिरापाशी, म्हणजे पोर्तुगीज ज्याला काबो द राम म्हणत त्या ठिकाणी, ते आले असता मामा पाण्यात पडले. मामा पट्टीचे पोहणारे होते. तांडेलाने परबाण, म्हणजे शीड ज्याला बांधतात तो लांब वासा, खाली घेऊन, वळवून, गलबत कसेबसे परत आणले. मामा तोवर तरंगत होते. गलबत त्यांच्या बाजूला लागले. तांडेलाने कठड्यावर पोट टेकून त्यांचे मनगट धरले, दुसऱ्या खलाशाने तांडेलाचे पाय धरले. दोनदा ओढले, दोनदा मनगट निसटले. तिसऱ्या खेपेला मामांच्या अंगात हात वर करण्याचे त्राण उरले नव्हते.

चौथ्या दिवशी तांडेल आमच्या सोप्यावर आजीसमोर येऊन बसला आणि एकच वाक्य पुनःपुन्हा बोलत राहिला : “बाये, हात हातांत आशिल्लो.” आजीने विचारले, “मग सोडलास कसा?” त्याच्यापाशी उत्तर नव्हते. मी त्या वेळी चौदा वर्षांचा होतो. तांडेलाने मामांना वाचवण्याची शिकस्त केली नाही, अशी माझी समजूत झाली आणि ती मी जवळजवळ साठ वर्षे मनात बाळगली. ती चुकीची होती. का चुकीची होती, हे सांगण्यासाठी आजचे व्याख्यान आहे.

प्रथम थोडे गणित. समुद्रावरील वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर. बेताच्या वाऱ्यात मध्यम आकाराची शीडनौका सहा नॉटने सहज चालते. म्हणजे ताशी अकरा किलोमीटर. सायकलस्वारही तिच्या पुढे जाईल. पण सहा नॉट म्हणजे सेकंदाला तीन मीटरहून किंचित अधिक. माणूस पडला हे कळून “माणूस पडला!” अशी आरोळी उठेपर्यंत दहा सेकंद गेले, तर तो तीस मीटर मागे पडतो. काय करावे हे ठरवण्यात एक मिनिट गेले, तर अंतर होते १८५ मीटर. आता आपल्या पटांगणाच्या दोन लांब्या डोळ्यांसमोर आणा. त्या टोकाला एक नारळ ठेवला आहे, आणि मधल्या जमिनीवर मीटरभर उंचीच्या लाटा वरखाली होत आहेत, अशी कल्पना करा. पाण्यातल्या माणसाचे पाण्यावर दिसते ते केवळ मस्तक, आणि ते नारळाहून फार मोठे नसते. लाटेच्या खळग्यात ते गेले की दिसत नाही. वर आले की दिसते, तेही नेमके त्याच क्षणी आपली नौकाही लाटेवर असेल तर.

म्हणून या विद्येचा पहिला नियम नौका वळवण्याविषयी नाही. तो नजरेविषयी आहे. आरोळी उठताच एका माणसाने दुसरे कोणतेही काम न करता पडलेल्याकडे पाहत राहायचे आणि हात लांब करून त्याच्याकडे बोट रोखून धरायचे. नौका फिरेल तसा हा हात फिरतो, होकायंत्राच्या सुईसारखा. त्याने दोर ओढायचा नाही, मागे वळून कोणाला उत्तर द्यायचे नाही, पापणी लवली तरी बोट ढळू द्यायचे नाही. नौकेवर तीनच माणसे उरली असली तरी त्यांतले एक या कामाला द्यावे असे जाणकार सांगतात. ऐकताना हे चैनीचे वाटते. पण नजर एकदा सुटली की उरलेल्या दोघांचे कौशल्य निरुपयोगी ठरते.

त्याच क्षणी, वळण्याचा विचार करण्याआधी, जे तरंगेल ते पाण्यात फेकायचे : तरते कडे, गाद्या, रिकामा डबा. यांतले काही त्याच्या हाती लागेल. न लागले तरी पाण्यावर वस्तूंची एक माळ तयार होते आणि तिच्या आधाराने परतीचा मार्ग दिसतो. आधुनिक नौकेवर कड्यासोबत एक उंच तरती काठी असते. तिच्या माथ्यावर निशाण व दिवा असतो. ती लाटांच्या वर डोकावते. उपग्रहाधारित स्थाननिदर्शक यंत्रावर यासाठी खास कळ असते. ती दाबली की पडल्याची जागा नोंदली जाते. मात्र यंत्र नोंदते ती पृथ्वीवरची जागा, आणि माणूस असतो वाहत्या पाण्यात. आमच्या खाडीच्या तोंडाशी भरतीओहोटीचा ओघ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा भेद समजावून सांगावा लागणार नाही. आणखी एक : दोर बांधल्यावाचून दुसऱ्याने पाण्यात उडी टाकू नये. उडी टाकण्याची ऊर्मी उदात्त असते, पण तिने शोधायची मस्तके एकाची दोन होतात आणि नौकेवरचे हात दोनांनी कमी होतात.

दैव अनुकूल असेल तर एखादा दोरच पुरतो. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाज इंग्लंडहून अमेरिकेला जात असता जॉन हाउलंड नावाचा तरुण वादळात समुद्रात फेकला गेला. जहाजाच्या शिडाचे काही दोर त्या वेळी पाण्यात लोंबकळत होते. त्यांतला एक त्याच्या हाती लागला. तो पाण्याखाली ओढला जात होता, पण त्याने दोर सोडला नाही. वरच्यांनी तो ओढून घेतला आणि आकडी लावून त्याला जहाजावर घेतले. प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने आपल्या इतिवृत्तात ही हकिकत नोंदवली आहे. हाउलंडला पुढे दहा मुले झाली, आणि अमेरिकेचे दोन राष्ट्राध्यक्ष बुश हे त्याच्याच वंशातले. या प्रसंगात जहाज वळलेच नव्हते, हे ध्यानात घ्यावे. दोर सुटला असता तर त्या वादळात जहाज परत फिरवून त्याच्यापाशी आणणे जवळजवळ अशक्यच होते.

ते का, हे समजण्यासाठी शीडनौकेचा स्वभाव पाहावा लागेल. तिला ब्रेक नाही आणि तिला सरळ मागे येता येत नाही. वारा ज्या दिशेकडून येतो त्या दिशेला तोंड करून ती चालूच शकत नाही. त्या दिशेच्या दोन्ही अंगांना साधारण पंचेचाळीस अंशांपर्यंतचा पट्टा तिला वर्ज्य असतो. वाऱ्याच्या दिशेकडे जायचे तर नागमोडी वळणे घेत जावे लागते. आता माझ्या मामांची स्थिती पाहा. वारा पाठीशी घेऊन गलबत दक्षिणेकडे चालले होते. माणूस पडला तो मागे, म्हणजे नेमका वारा जिकडून येतो तिकडे राहिला. सर्व दिशांत अवघड अशी हीच दिशा. त्यात आपल्या गलबतांचे शीड त्रिकोणी, आणि ते तिरप्या परबाणाला बांधलेले. दिशा पालटायची तर एवढा वासा डोलकाठीच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला न्यावा लागतो. त्याला माणसे लागतात आणि वेळ लागतो. तांडेलाला परत यायला अर्धी घटका, म्हणजे बाराएक मिनिटे लागली, असे तो म्हणाला होता. हा विलंब मला तेव्हा निष्काळजीपणा वाटला. आज मी म्हणतो, तेवढ्या वेळात तो परत आला हेच त्याच्या नाविक कौशल्याचे प्रमाण होय.

मोठ्या शीडजहाजांवर वळण्याचा प्रयत्न सहसा करीत नसत. काही शिडे अशी फिरवीत की वारा त्यांवर उलटा आदळे आणि जहाज जागच्या जागी रेंगाळे. मग होडी उतरवून वल्ही मारीत माणसाला आणायला जात. आजच्या लहान नौकेवर उतरवायला होडी नसते, आणि होडी चालवायला माणसेही नसतात. तेव्हा नौकेलाच जावे लागते. यासाठी दोन रीती विशेष रूढ आहेत.

जुनी रीत मराठी चारच्या आकड्यासारखी. वारा काटकोनात घेऊन नौका चारपाच नौकालांब्या पुढे न्यायची, मग तोंड वाऱ्यातून फिरवून वळायचे आणि आपलीच वाट तिरकी छेदत परत यायचे. हिच्यात नौका ताब्यात राहते आणि शीड अचानक एका अंगावरून दुसऱ्या अंगावर आदळण्याचा धोका टळतो. पण ती माणसापासून दूर जाते, आणि दूर जाणे म्हणजे नजर गमावणे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात दुसरी रीत पुढे आली. तिचे इंग्रजी नाव ‘क्विक स्टॉप’, म्हणजे ताबडतोब थांबणे. माणूस पडताच, विचार न करता, सुकाणू वळवून नौकेचे तोंड वाऱ्यात घालायचे. पुढच्या शिडाचा दोर सोडायचा नाही. तोंड वाऱ्यातून पलीकडे गेले की ते शीड उलटे फुगते आणि नौकेचा वेग खाते. तशीच फिरत राहून ती माणसाभोवती लहानशी प्रदक्षिणा घालते आणि शेवटी त्याच्या खालच्या अंगाने वर येते. प्रदक्षिणा हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. या वळणात पडलेल्या माणसाकडे पाठ फारशी होत नाही.

कोणती रीत श्रेष्ठ, यावर नाविकांत वाद आहेत. आमच्या वैयाकरणांतल्या वादांची आठवण करून देणारे. २००५ साली सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरात निरनिराळ्या नौका आणि साधने घेऊन असे सुमारे चारशे प्रयोग करण्यात आले. सर्व नौकांना आणि सर्व परिस्थितींना एकच रीत लागू पडत नाही, असेच त्यांतून दिसले. माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला त्यातून एवढे कळले की ज्या रीतीचा सराव आहे तीच खरी. पण एका गोष्टीवर सर्वांचे एकमत आहे : शेवटच्या टप्प्यात नौका माणसाकडे वाऱ्याच्या थोड्या तिरक्या दिशेने यावी. अशा वेळी शिडांचे दोर सैल सोडले की ती थांबते आणि ओढले की चालते. तिला जवळजवळ ब्रेक मिळतो. वारा पाठीशी घेऊन आलात तर शिडे सैल सोडूनही ती थांबत नाही, आणि माणसाच्या अंगावरून पुढे जाते.

यंत्र असलेली नौका असेल तर ते सुरू करण्याआधी पाण्यात कोणता दोर लोंबत नाही ना, हे पाहावे लागते. तो पंख्यात अडकला तर यंत्रही गेले. आणि माणूस जवळ आला की पंखा थांबवायचा. उतावीळपणे वाचवायला गेलेल्या पंख्याने माणूस कापला जाऊ शकतो.

रात्री या साऱ्याचा अर्थ बदलतो. फ्रान्सचा एरिक ताबार्ली हा विसाव्या शतकातला अत्यंत कीर्तिमान शीडनाविक. दोनदा एकट्याने अटलांटिक ओलांडण्याची शर्यत जिंकलेला. १९९८ सालच्या जून महिन्यात, बारा आणि तेरा तारखेच्या मधल्या रात्री, वेल्सच्या किनाऱ्याजवळ आपल्या ‘पेन द्यूइक’ या शंभर वर्षांच्या जुन्या नौकेवर शीड बदलताना वरच्या वाशाचा तडाखा बसून तो समुद्रात पडला. अंगात तरते जाकीट नव्हते, कमरेला दोर नव्हता. सोबत्यांनी कडे फेकले, शोध घेतला; तो सापडला नाही. त्याचा मृतदेह पुढे महिनाभराने मच्छीमारांच्या जाळ्यात आला. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी एवढा अनुभवी माणूस असा गेला, यावरून अनुभव हे तरते साधन नव्हे, हे लक्षात यावे.

दुसरे उदाहरण याच्या उलट. २०१४ सालच्या मार्चअखेर पॅसिफिक महासागरात, जगाला वळसा घालणाऱ्या क्लिपर शर्यतीत, अँड्र्यू टेलर हा इंग्रज शीड बदलताना पडला. हवा वादळी होती आणि तो लवकरच दिसेनासा झाला. दीड तासाहून अधिक काळ तो त्या थंड पाण्यात होता, आणि जिवंत परत आला. त्याच्या अंगात पाणी आत न येणारा पोशाख होता, तरते जाकीट होते आणि एक छोटे संदेशयंत्र होते. आपली जागा सांगणारा संकेत ते यंत्र नौकेच्या पडद्यावर पाठवीत होते. नौकेचा नायक आणि सोबती यांनी शोध सोडला नाही हे खरेच. पण शोधायचे कुठे, हे त्यांना त्या यंत्राने सांगितले.

थंड पाण्यात माणसाचे काय होते, याचा अलीकडे पुष्कळ अभ्यास झाला आहे. पंधरा अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलेल्याला पहिला मिनिटभर श्वासावर ताबाच राहत नाही. धाप लागते, आणि त्यात पाणी आत गेले की तो तिथेच संपतो. ते मिनिट निभावले तर बर्फासारख्या पाण्यात सुमारे दहा मिनिटे हातपाय उपयोगी पडतात. नंतर बोटे दोर धरू शकत नाहीत, पोहता येत नाही. देह थंड पडून शुद्ध हरपायला मात्र तासभर लागतो. थंडीने गोठून मरण्याआधी माणूस हात निकामी होऊन बुडतो, हे यातले सार. आपल्या अरबी समुद्राचे पाणी बहुधा सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचे, म्हणून हा पहिला धक्का आपल्याला नाही. पण थकवा, लाटांचे पाणी नाकातोंडात जाणे आणि अंगावरचे कपडे या गोष्टी इथेही त्याच आहेत. बारा मिनिटे लाटांशी झगडलेल्या माणसाच्या हातात किती बळ उरत असेल?

आता मी या विद्येच्या त्या भागाकडे येतो, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि ज्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. माणूस सापडला, नौका बाजूला लागली, त्याचा हात आपल्या हातात आला. गोष्टींच्या पुस्तकात प्रसंग इथे संपतो. समुद्रावर तो इथून सुरू होतो.

तीनचार वर्षांपूर्वी माझ्या नातीने मांडवीच्या मुखाशी शीडहोडी चालवण्याचे शिक्षण घेतले. मी धक्क्यावर खुर्ची टाकून बसत असे. पडलेल्या माणसाऐवजी ते एका फुगीर गोळ्याला बादली बांधून पाण्यात टाकीत आणि वळून तो उचलीत. गोळा दर खेपेस सापडे आणि मुले टाळ्या वाजवीत. एकदा मी त्यांच्या शिक्षकांना विचारले, “हा गोळा तर आकडीने वर येतो. माणूस कसा येईल?” ते हसले नाहीत. म्हणाले, “सर, हाताने येत नाही. दोन धट्टेकट्टे पुरुषसुद्धा कठड्यावरून वाकून एका भिजलेल्या माणसाला वर घेऊ शकत नाहीत. कप्पी लागते.”

त्यांनी मग मला जे समजावून दिले ते असे. पाण्यात माणसाला वजन नसल्यासारखेच असते. तो पाण्याबाहेर येऊ लागला की त्याचे सगळे वजन परत येते, आणि कपड्यांत भरलेल्या पाण्याचे वर. सत्तर किलोचा माणूस नव्वदचा होतो. वरच्याला हे वजन उचलायचे असते ते वाकलेल्या स्थितीत, पायाला भक्कम आधार नसताना, हलत्या फळीवर. ओल्या मनगटावर पकड बसत नाही. नौका एका अंगाला कलते तेव्हा माणूस छातीपर्यंत वर येतो, दुसऱ्या अंगाला कलते तेव्हा त्याला तीच नौका झटक्याने उचलते आणि पकड सोडवते. कठडा जितका उंच तितके हे कठीण. भरलेल्या गलबताचा कठडा पाण्याला लागत आलेला असतो. रिकाम्याचा पुरुषभर वर. माझे मामा पडले ते रिकाम्या गलबतावरून.

म्हणून पहिले काम ओढण्याचे नाही, बांधण्याचे. त्याच्या काखेखालून दोराचा न आवळणारा फास घालून तो नौकेला बांधून टाकायचा. तो बांधला गेला की बुडत नाही, मागे राहत नाही, आणि वरच्यांना विचार करायला वेळ मिळतो. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील नाविकांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी यासाठी ‘लाइफस्लिंग’ नावाचे साधन तयार केले. ते घोड्याच्या नालेसारखे तरते कडे असून त्याला सुमारे ४५ मीटर लांबीचा तरता दोर असतो. नौका त्या माणसाभोवती फिरत राहते, तसा मागे ओढला जाणारा दोर आपोआप त्याच्यापाशी येतो. तो कडे अंगात घालतो, नौका थांबते आणि त्याला ओढून घेते. पतिपत्नी दोघेच नौकेवर असतात, पती पडतो आणि एकट्या पत्नीला त्याला परत घ्यायचे असते, अशी परिस्थिती त्यांनी डोळ्यांसमोर ठेवली होती. बळावर नव्हे तर योजनेवर विसंबणारी ही रचना आहे.

नंतर उचलणे. डोलकाठीवरून जो दोर शीड चढवतो, त्याचे खालचे टोक फासाला अडकवायचे आणि दुसरे टोक चरख्यावर किंवा कप्प्यांच्या जोडीवर ओढायचे. चार पदरी कप्पी असेल तर घर्षण सोडून नव्वद किलोचे ओझे हाताला बावीस-तेवीस किलोचे लागते. मात्र एक मीटर उचलण्यासाठी चार मीटर दोर ओढावा लागतो. विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या आमच्या बायकांना कप्पीचे महत्त्व सांगायला नको. दुसरी युक्ती बंदरातल्या हमालांची : पिंपाखालून दोर घालून, दोराचे एक टोक वर बांधून, दुसरे ओढले की पिंप गडगडत फळीवरून वर येते. तसेच माणसाखालून शीड किंवा जाळे घालून त्याला आडवा लोळवत वर घेतात.

आडवा घेण्याला आणखी एक कारण आहे. फार वेळ पाण्यात असलेल्याच्या पायांवर आणि पोटावर पाण्याचा दाब असतो आणि तो रक्ताभिसरणाला आधार देतो. त्याला उभा वर खेचला की तो दाब एकदम नाहीसा होतो, रक्त पायांत उतरते, रक्तदाब कोसळतो. पाण्यात बोलत असलेली माणसे वर घेताना किंवा घेतल्यानंतर थोड्याच वेळात दगावल्याची उदाहरणे आहेत. म्हणून वेळ असेल तेव्हा आडवे उचलावे, वर आल्यावर आडवेच ठेवावे, उभे करून चालवू नये. मात्र नाक पाण्याखाली जात असेल तर हा विचार बाजूला ठेवून जसा येईल तसा घ्यावा.

हे सर्व ऐकून आपण म्हणाल, मुळात पडूच नये. नाविकांचेही तेच म्हणणे आहे. छातीभोवतीचा पट्टा आणि त्याला जोडलेला दोर नौकेला अडकवून ठेवावा, हा आज सर्वत्र नियम आहे. पण तोही निर्दोष नाही. २०१७ सालच्या नोव्हेंबरात दक्षिण महासागरात क्लिपर शर्यतीतील सायमन स्पीअर्स हा नाविक पडला तेव्हा दोराने बांधलेला होता. दोराचा आकडा फळीवरच्या एका खुंटीखाली अडकला, त्यावर आडवा ताण आला आणि तो वाकून उघडला. त्याला सुमारे अर्ध्या तासात परत घेतले, पण तो वाचला नाही. पुढच्याच वर्षी, २६ मार्च २०१८ रोजी, केप हॉर्नच्या पश्चिमेला सुमारे चौदाशे सागरी मैलांवर जॉन फिशर हा व्होल्वो शर्यतीतला नाविक, एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्यासाठी आपला दोर सोडलेला असतानाच, शीड अकस्मात पलटून पाण्यात फेकला गेला. तीही नौका वारा पाठीशी घेऊन चालली होती. तिला उलट वर यायला फार वेळ लागला. फिशर सापडला नाही.

एकट्याने प्रवास करणाऱ्याला तर परत घेणारा कोणी नसतोच. नौका आपोआप सुकाणू धरून पुढे निघून जाते. आपल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिथेच बांधलेल्या ‘तारिणी’तून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी, आणि ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात दोन महिला अधिकारी गोव्याहून निघून गोव्यास परतल्या. दोघी असल्या तरी एक झोपलेली असताना दुसरी वर एकटीच असते, हे आपण स्वागतसमारंभात विसरतो. अशा प्रवासात तो दोनएक मीटरचा दोर हेच सगळे सोबती.

धक्क्यावरच्या त्या संभाषणानंतर घरी येऊन मी गलबताचे चित्र काढून पाहिले. मला चित्रकला येत नाही, पण लहानपणी पाहिलेले गलबत अजून डोळ्यांसमोर आहे. मध्ये डोलकाठी. तिच्या माथ्याशी कप्पी. तिच्यातून खाली आलेला, मनगटाएवढा जाड, परबाण चढवण्याचा दोर, आणि खाली त्याला लाकडी कप्प्यांची जोडी. परबाण आणि ओले शीड मिळून चारपाच माणसांचे वजन होत असेल. तेवढे ओझे ते खलाशी दररोज, गाणे म्हणत, त्याच दोराने वर चढवीत. ज्या वेळी दोन माणसे कठड्यावर पालथी पडून मामांचे मनगट धरून होती, त्या वेळी तो दोर त्यांच्या पाठीमागे तीन हातांवर होता. तो सोडवून मामांच्या काखेत घालावा, हे कोणाला सुचले नाही. सुचणे शक्यही नव्हते. तो दोर परबाणाचा होता, माणसासाठी तो आहे असे त्यांना कोणी कधी सांगितले नव्हते, आणि प्रसंगी सुचते ते आधी हातांनी केलेलेच.

तांडेल पुढे पंधराएक वर्षे दर्यावर होता. त्याच्या अखेरच्या गलबतावर मी एकदा गेलो होतो, महाविद्यालयात नुकताच लागलो होतो तेव्हा. कठड्याच्या आतल्या बाजूला, डोलकाठीच्या अगदी जवळ, एक फास घातलेला दोर आणि एक सुटी कप्पी खिळ्याला टांगून ठेवलेली होती. ती बादलीसाठी असेल, असे त्याचा मुलगा मला म्हणाला. तांडेल जवळच उभा होता. त्याने मुलाचे म्हणणे दुरुस्त केले नाही, आणि मीही काही विचारले नाही.